कोळकांदा घरात नको, बांधावर असू द्या



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आज नामपल्लीत राहतात, पण त्यांची शेती उदगीर, देगलूर, बिदर, जहीराबाद या टापूत आहे. गावाकडून येणाऱ्या पिशवीत ज्वारी, तूर आणि चिंच असते, आणि तळाशी कधी कधी फडक्यात बांधलेला मुठीएवढा पांढरा कांदाही निघतो. हा भाजीचा कांदा नव्हे. मराठीत याला कोळकांदा किंवा रानकांदा म्हणतात, तेलुगूत नक्क उल्लिगड्डा, म्हणजे कोल्ह्याचा कांदा, आणि आपल्या हैदराबादी बोलीत जंगली प्याज. नातवाचा खोकला, आजोबांच्या पायांवरची सूज, टाचेची भोवरी, अशा नाना कारणांसाठी तो आठवणीने पाठवला जातो. पाठवणाऱ्याच्या मायेबद्दल आम्हांला शंका नाही. तरीही आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा कांदा पोटात घेण्याची वस्तू नव्हे, आणि उपटून विकण्याचीही नव्हे. त्याची जागा माळावर आणि शेताच्या बांधावर आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. नावात कांदा असला तरी हा आपल्या स्वयंपाकघरातील कांद्याचा भाऊ नाही. खाण्याचा कांदा मध्य आशियाच्या बाजूने आला आणि हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली वाढला. रानात फिरणाऱ्या इस्राएल लोकांना मिसर देशातील ज्या कांद्यांची आणि लसणीची आठवण होऊन रडू कोसळले (गणना, अध्याय ११), ती ही घरगुती जात. कोळकांदा मात्र कोणी लावलेला नाही. शास्त्रज्ञ त्याला ड्रिमिया इंडिका म्हणतात. जुन्या पुस्तकांत अर्जिनिया इंडिका हे नाव सापडेल. पूर्वी त्याला लिलीच्या कुळात धरत, आता शतावरीच्या कुळात धरतात. कुळांची ही अदलाबदल पंडितांवर सोपवू. शेतकऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की दिसायला कांदा असला तरी त्याचा गुणधर्म कांद्याचा नाही.

त्याचे वर्ष आपल्या पिकांच्या उलट चालते. चैत्र-वैशाखात माळ करपून पिवळा पडतो, गवताची नुसती थोटके उरतात, आणि त्या वेळी पान नावालाही नसताना जमिनीतून एक उघडा दांडा वर येतो. तो हातभर उंच, कधी कमरेपर्यंतही जातो. त्यावर हिरवट-तपकिरी रंगाची, खाली मान घातलेली फुले लागतात. लांबून पाहणाऱ्याला ती फुले आहेत हेही कळत नाही. मग तीन कप्प्यांची बोंडे धरतात, ती उकलली की आतले काळे, चपटे, पातळ बी वाऱ्यावर उडते. पाऊस पडला की पट्ट्यासारखी लांब पाने येतात, पावसाळाभर अन्न तयार करून ते खाली कांद्यात साठवतात आणि हिवाळ्याच्या सुमारास वाळून जातात. मुरमाड उतार, बिदर-जहीराबादकडची तांबडी जमीन, माळावरची उथळ काळी माती, जिथे नांगराला काही मिळत नाही तिथे हा सुखाने राहतो. पुढच्या उन्हाळ्यात फूल काढायचे तर आधीच्या पावसाळ्यात साठवण हवी, हे त्याचे गणित आहे. ज्याने तो कांदा उपटला त्याने अनेक पावसाळ्यांची शिल्लक एका झटक्यात उचलली.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कांद्याची पात गोल आणि पोकळ असते, कोळकांद्याचे पान चपटे आणि भरीव. लसणीचे पानही चपटे असते हे खरे, पण कांदा किंवा लसूण चिरली की वास लपत नाही. कोळकांदा चिरून पाहिला तर तो वास येत नाही. चिकट, तार धरणारा रस मात्र निघतो आणि तो हाताला लागला की खाज सुटते. त्या रसात सुईसारखे सूक्ष्म खडे असतात, ते कातडीत रुततात म्हणून ही खाज. चव अतिशय कडू. पहिल्या पावसात रानभाज्या खुडायला जाणाऱ्या आयाबहिणींनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण फोडशीसारख्या भाज्यांची पानेही अशाच पट्टीची असतात आणि कोवळेपणी घाई झाली तर फरक चटकन ध्यानात येत नाही. खात्री नसेल तर त्या दिवशी वरण-भात बरा.

आता औषधाकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. कोळकांदा औषधी आहे की नाही? आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. संस्कृत ग्रंथांत तो वनपलांडू आणि कोलकंद या नावांनी ओळखला जातो. आपल्या शहरात युनानी वैद्यकाची परंपरा मोठी आहे. ते हकीम याच जातीच्या कांद्याला उन्सुल म्हणतात, आणि मध व सिरक्याबरोबर केलेले सिकंजबीन-ए-उन्सुली हे त्यांचे जुने औषध. भूमध्य समुद्राच्या काठी याचा थोरला भाऊ, समुद्रकांदा, उगवतो. मिसर आणि ग्रीस देशांतील वैद्यांनी तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वापरला. इंग्रजी अमदानीत दवाखान्यांतील खोकल्याच्या मिश्रणांत त्याचा अर्क असे, आणि आपल्या माळावरचा कांदा त्याच्या जागी चालतो म्हणून औषधकोशातही त्याची नोंद झाली. तेव्हा जी आजी म्हणते, ‘आमच्या वेळी याने खोकला सुटायचा,’ ती खोटे बोलत नाही.

पण खोकला का सुटतो, हे आजीला कोणी सांगितलेले नसते. या कांद्याने पोटाचा दाह होतो, मळमळ सुरू होते आणि त्या मळमळीच्या वाटेवर छातीतला कफ पातळ होतो. म्हणजे उलटीच्या अलीकडे थांबले तर औषध, पुढे गेले तर विष. आणि प्रकरण पोटापाशी थांबत नाही. या कांद्यात अशी द्रव्ये आहेत जी सरळ हृदयाच्या स्नायूवर काम करतात. डॉक्टर हृदयाच्या रोग्याला डिगॉक्सिन नावाची गोळी देतात, तिचाच हा रानटी नातलग समजा. मात्रा वाढली की उलट्या होतात, नाडी मंदावते, मध्येच ठोका चुकतो आणि शेवटी हृदयाची लय तुटते. जो आधीच डिगॉक्सिनवर आहे त्याने वर कोळकांद्याचा रस घेतला तर एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेतल्यासारखे होते. लघवी साफ होण्याच्या गोळ्या चालू असल्या तर धोका आणखी वाढतो, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी अंगातले पोटॅशियम उतरते आणि मग थोडे विषही पुरते.

कोणी विचारील, मग मात्रा बेताची ठेवावी. कोणी ठेवायची? एका कांद्यात विष किती, दुसऱ्यात किती, हे डोळ्यांना दिसत नाही. जमीन, ऋतू, कांद्याचे वय, ताजा की वाळलेला, यांनुसार ते बदलते. चमचाभर रसाने शेजाऱ्याचा मुलगा बरा झाला म्हणून तुमच्या मुलाला तेवढाच रस मानवेल याला आधार काय? या संबंधात इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. खेड्यातील एका बाईचा सूज उतरवणारा काढा त्याच्या कानावर आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्याने तो हसण्यावारी नेला नाही. त्यातली काम करणारी वनस्पती कोणती हे त्याने ओळखले, दहा वर्षे एकेका रोग्याची नोंद ठेवली, कोणाला किती दिल्यावर काय झाले ते लिहिले, आणि १७८५ साली ते पुस्तकरूपाने छापले. त्या नोंदींत अपयशेही आहेत. त्या बाईचे ज्ञान खरे होते, आणि ते मोजून पाहणेही गरजेचे होते. आपल्या घरच्या खलबत्त्याला मोजमाप माहीत नसते.

याहून मोठी काळजी आम्हांला दुसरीच वाटते. कोळकांदा ज्या दोन दुखण्यांसाठी येतो ती दोन्ही दुखणी स्वतः निरोप घेऊन आलेली असतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला हा क्षयाचा असू शकतो. त्याची थुंकी तपासली पाहिजे. ही तपासणी आणि त्यानंतरची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पायांवरची सूज ही हृदयाची, मूत्रपिंडाची किंवा यकृताची तक्रार असू शकते, आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर ती रक्तदाबाची धोक्याची सूचना असू शकते. कोळकांद्याच्या रसाने आठ दिवस थोडे बरे वाटते आणि त्या आठ दिवसांचा महिना होतो. तोवर घरातली दोन मुले त्याच खोकल्याच्या हवेत झोपलेली असतात. विष न चढताही या कांद्याने असे नुकसान होते, आणि त्याचा दोष मात्र कोणी त्याच्यावर ठेवत नाही.

काही भाविक म्हणतात, ‘फादर, वनस्पती देवानेच दिल्या ना?’ होय. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात परमेश्वराने औषधे भूमीतून उत्पन्न केली असे सांगितले आहे. पण त्याच अध्यायात वैद्याचा मान राखण्यासही सांगितले आहे, आणि हा भाग आपण सोयीस्करपणे गाळतो. दुसरीकडे राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा चौथा अध्याय उघडून पाहावा. गिलगालात दुष्काळ पडला होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण भाजी आणायला रानात गेला, ओळख नसलेली रानफळे ओटीभर घेऊन आला आणि चिरून हंडीत टाकली. घास तोंडात जाताच सगळे ओरडले की या हंडीत मरण आहे. अलीशाने पीठ टाकून तो प्रसंग निभावला. आपल्या घरी अलीशा नाही. १०८ क्रमांकाची गाडी आहे. कोणी चुकून हा कांदा खाल्ला तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून बळेच उलटी करवू नका. कांद्याचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून बरोबर घ्या आणि तडक इस्पितळ गाठा. काय खाल्ले हे डॉक्टरांना दाखवता आले तर अर्धा तपास तिथेच होतो. नामपल्लीकरांना मुलांसाठी रेड हिल्सचे निलोफर जवळ आहे. गावी असाल तर जे पहिले सरकारी रुग्णालय लागेल ते.

बाहेरून लावण्याविषयी आम्ही एवढे कठोर नाही. टाचेच्या भोवरीवर भाजलेला कांदा बांधण्याची चाल जुनी आहे. तरी त्याने कातडी सोलवटते, आणि ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांच्या पायाला झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यांनी या वाटेला जाऊच नये. उंदरांसाठी कोणी हा वापरू पाहील, म्हणून तेही सांगतो. समुद्रकांद्याची एक तांबडी जात युरोप-अमेरिकेत उंदरांचे विष म्हणून बरीच वर्षे वापरात होती, कारण उंदराला उलटी करता येत नाही. आपला पांढरा कांदा ही ती जात नव्हे. तो कुटून कणगीपाशी ठेवू नये.

जनावरे शहाणी असतात. चारा असेल तेव्हा ती कोळकांद्याला तोंड लावत नाहीत. अडचण येते ती टंचाईत. दक्षिण आफ्रिकेत याच्याच जातभाईंमुळे गुरे दगावतात, कारण तिथे पाऊस येण्याआधी सुके गवत संपलेले असते आणि जमिनीतून वर येणारा तो एकच हिरवा कोंब असतो. आपल्याकडे ज्येष्ठात नेमकी हीच स्थिती असते. म्हणून ज्या माळावर कोळकांदा दाट आहे तिथे उपाशी जनावर सोडू नये. आधी घरी पेंढीभर कडबा टाकावा, मग चरायला न्यावे.

इथवर वाचून एखाद्याच्या मनात येईल की असला विषारी कांदा समूळ खणून काढावा, किंवा जडीबुटीच्या व्यापाऱ्याला पोत्याने विकून चार पैसे करावेत. दोन्ही गोष्टींना आमचा विरोध आहे. कोळकांदा जिथे टिकून आहे तिथली जमीन बऱ्याच काळात उलटली गेलेली नाही, असे सहसा समजायला हरकत नाही. त्याच्या शेजारी पवना, मारवेल, कुसळी ही गवते असतात, ज्यांच्यावर आपली शेळ्यामेंढरे आणि धनगरांचे कळप जगतात. पण आपल्या तोंडी या जमिनीला शब्द एकच, पडीक. सरकारी कागदही तेच म्हणतात. देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह निघतो, जो करण्यात आपल्या हैदराबादेतील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा वाटा आहे, त्यात झुडपी रान आणि खालावलेली कुरणे पडीक म्हणूनच मोजली जातात. एकदा पडीक म्हटले की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. कोणी ट्रॅक्टर घालून दोन वर्षे कपाशी घेतो आणि मुरूम वर आला की सोडून देतो. कोणी खड्डे खणून झाडे लावतो. झाडे लावणे पुण्याचे काम आहे, पण ती अंगणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी. गवताचा माळ म्हणजे झाडे मेलेले जंगल नव्हे. तो मुळातच माळ आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसणे जवळजवळ थांबले आहे, कारण त्याला लागणारा उघडा माळ तुकड्यातुकड्यांनी संपत गेला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आपल्या सामायिक घराविषयी लिहिले, ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे दूरची मोठाली अरण्ये येतात. गावच्या गायरानाचा विचार येत नाही. तो यावा, असे आम्हांला वाटते.

आणि आता बांध. पवित्र भूमीत समुद्रकांदा सर्वत्र उगवतो, तोही पावसाळ्याच्या आधी, पानांवाचून, उघड्या दांड्यावर फुलतो. यहुदी लोकांच्या तालमुदात अशी परंपरा सांगितली आहे की यहोशवाने वंशावंशाला जमीन वाटून दिली तेव्हा हद्दीवर एक विशिष्ट वनस्पती लावली, आणि ती हाच समुद्रकांदा असे बहुतेक जाणकार मानतात. कारण शेतकऱ्याला लगेच पटण्यासारखे आहे. त्याची मुळे सरळ खाली जातात, शेजाऱ्याच्या शेतात शिरत नाहीत. जनावर खात नाही. दुष्काळात मरत नाही. आणि वर्षातून एकदा, शेते रिकामी असताना, आपली रांग दाखवतो. पॅलेस्टाईनमधील शेतकरी अलीकडच्या काळापर्यंत अशी हद्द राखत आले.

आपल्याकडे बांध कोरण्याचा रोग किती जुना आहे हे सांगायला नको. दर नांगरटीला तासभर रुंदी शेजारच्या बाजूने घ्यायची, दहा वर्षांत अर्धा गुंठा गिळायचा आणि रविवारी मिस्सेला पुढच्या बाकावर बसायचे. शेजाऱ्याची हद्द सरकवू नये ही आज्ञा अनुवादाच्या ग्रंथात स्पष्ट आहे, पण बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेली घरे आपल्या समाजातही आहेत. कोळकांदा लावल्याने सात-बारा बदलत नाही, आणि भांडण लागले तर मोजणीच करावी लागते. पण दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून, एकमेकांसमोर, मोजणीच्या रेषेवर कांदे लावले तर ती रांग कोणालाही गुपचूप सरकवता येत नाही. एखाद्या उन्हाळ्यात दांड्यांची ओळ मध्येच वाकडी दिसली तर सगळ्या गावाला दिसेल.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी रीत अशी. माळावरून कांदे उपटून आणू नयेत. स्वतःच्या वाहितीत, नांगराच्या फाळाला लागून जे वर येतात, तेवढेच घ्यावे. पाने वाळल्यानंतर आणि दांडा येण्यापूर्वी, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास, हे काम सोपे जाते. हाताला फडके गुंडाळावे, पोरांना जवळ येऊ देऊ नये. बांधाच्या माथ्यावर वीतभर खड्डा करून कांद्याची मान जमिनीलगत राहील असा बसवावा, माती दाबावी, पाणी घालण्याची गरज नाही. दोन कांद्यांत चार-पाच हातांचे अंतर पुरे. पहिल्या वर्षी कदाचित नुसती पानेच दिसतील, फुलाचा दांडा नंतर येईल. विहिरीच्या कडेला, गोठ्याजवळ आणि घरच्या कांदा-लसणीच्या वाफ्याशेजारी मात्र एकही लावू नये. काम झाल्यावर कुदळ आणि हात साबणाने धुवावेत, आणि गावाहून नामपल्लीला येणाऱ्या पिशवीत या वेळी फक्त ज्वारी, तूर आणि चिंच भरावी.